गोड-खारे पॉपकॉर्न घरी: साखर करपते, मीठ तळाशी जातं, काय चुकतंय?

पिवळाचाफा (सोमवार, रात्री १०:१४)

येत्या शनिवारी आमच्या सोसायटीत खालच्या हॉलमध्ये प्रोजेक्टर लावून पोरांना सिनेमा दाखवायचाय. डोंबिवलीत पाऊस थांबायचं नाव घेत नाहीये त्यामुळे गच्ची बाद. मीटिंगमध्ये मी उगाच तोंड उघडलं आणि "पॉपकॉर्न माझ्याकडे" म्हणून बसले. पोरं पंचवीसेक. वर लेकीची अट, मागे मॉलमध्ये खाल्ले होते तसे गोड-खारे हवेत. म्हणजे बघा नुसते खारे नकोत, आणि ते कॅरॅमलचे दाताला चिकटणारे पण नकोत. वरून किंचित चकचकीत, आधी गोड लागतं आणि मग मागून मीठ येतं, तसे.

आत्तापर्यंत तीन प्रयोग झाले:
पहिल्यांदा तेल, मका, साखर, मीठ सगळं एकदम टाकलं. निम्मा मका फुटायच्या आत साखर काळी. घरभर धूर, आणि सासूबाईंची हिंडालियमची कढई आतून कोळसा झालीये (त्या नणंदेकडे आहेत, रविवारी येणार).
दुसऱ्यांदा साधे पॉपकॉर्न करून वरून साखर-मीठ भुरभुरवलं. वरचे पॉपकॉर्न फिके आणि डब्याच्या तळाशी अर्धी वाटी साखर.
तिसऱ्यांदा साखर-मीठ पाण्यात विरघळवून शिंपडलं. ते पॉपकॉर्न डोळ्यांदेखत आकसले. ओल्या कागदासारखे.

चौथ्यांदा करायची हिंमत नाहीये. सांगा कुणीतरी.

उगाचच (रात्री १०:२१)

विकत आण. पंचवीस पोरांना कोण कळतंय.

पिवळाचाफा (रात्री १०:२३)

पोरांना नाही कळत, बी विंगमधल्या बायकांना कळतं.

मेतकूट (रात्री १०:४०)

आधी हे ठरव की ते गोड की खारे. गंमत नाही, सरकारलाही हा प्रश्न पडला होता. २१ डिसेंबर २०२४ ला जैसलमेरला जीएसटी कौन्सिलची ५५वी बैठक झाली तेव्हा खुलासा केला होता, मीठ-मसाल्याचे सुटे असतील तर ५ टक्के, पाकिटबंद लेबल लावलेले असतील तर १२, आणि कॅरॅमलचे असतील तर ती मिठाई धरायची, १८ टक्के. तुझे मागून खारे लागणारे नक्की कशात बसवायचे यावर एक वेगळी बैठक लागेल.

(पुढे सप्टेंबर २०२५ ला १२ चा टप्पाच काढला म्हणा. पण पॉपकॉर्नवर देशभर आठवडाभर चर्चा झाली होती हे विसरता येत नाही.)

कैरीचं_पन्हं (रात्री १०:५८)

मेतकूट, हाहाहा.

चाफा, मी मीठ मिक्सरला फिरवून घेते, पिठासारखं. डब्यातलं मीठ जाड असतं ते पॉपकॉर्नवर टिकतच नाही, घसरून खाली जातं. साखरेचंही तेच, पिठीसाखर घे. दिवाळीत पातळ पोह्यांचा चिवडा करतेस ना? त्यात आपण काय करतो, फोडणी घालून पोहे गरम असतानाच मीठ-पिठीसाखर घालून दोन हातांनी डबा हलवतो. अगदी तस्सं करायचं. गोड-खारं आपल्याला काय नवीन आहे, मॉलवाल्यांनी शोध लावल्यासारखं करतात. पन्ह्यात मीठ, लिंबू सरबतात मीठ, शिऱ्यात चिमूटभर, पेरूला तिखट-मीठ.

माझी पद्धत: पॉपकॉर्न झाले की मोठ्या पातेल्यात काढायचे, दोन चमचे कढत तूप गोल फिरवत सोडायचं, लगेच पिठीसाखर नि मीठ एकत्र चाळणीतून, झाकण लावून घुसळायचं. झालं.

दोनतारी (रात्री ११:१५)

पन्हं, चव छान येते याने पण चाफाला जो चकचकीतपणा हवाय तो येणार नाही गं. पिठीसाखर पांढरी पांढरी भुकटीसारखी दिसते आणि बोटांना लागते. चकाकी हवी तर साखर वितळायलाच हवी. दोनच रस्ते, एकतर मक्याबरोबर कढईत वितळव, नाहीतर वेगळा पाक करून वरून घाल. मी घरून चिक्की आणि लाडूच्या ऑर्डरी घेते, उद्या नीट लिहिते, आत्ता डोळे मिटतायत.

पिवळाचाफा (रात्री ११:१८)

नक्की लिही. पाक शब्द ऐकूनच पोटात गोळा आलाय.

मेतकूट (रात्री ११:१९)

गोळा आला म्हणजे गोळीबंद झाला. उतरव.

स्वल्पविराम (मंगळवार, सकाळी ८:०५)

तुझं पहिल्या वेळेला काय झालं ते सांगतो. मक्याच्या दाण्यात साधारण १४ टक्के पाणी असतं. दाणा तापला की आतल्या पाण्याची वाफ होते, पण साल इतकी घट्ट की वाफ बाहेर जात नाही, आतला दाब वाढत हवेच्या दाबाच्या नऊएक पट होतो. १८० अंशांच्या आसपास साल फाटते आणि आतलं मऊ झालेलं पिष्ट फेसासारखं बाहेर येऊन तिथल्या तिथे गार होतं. ही झाली लाही.

आता साखर. ती १६०-१७० पासून तांबूस व्हायला लागते आणि पुढे थोड्याच वेळात कडू. म्हणजे मका फुटायला जेवढी उष्णता लागते तेवढ्यात साखर आधीच करपायच्या वाटेवर असते. तू साखर सुरुवातीपासून टाकलीस म्हणजे मका तापायची चार-पाच मिनिटं साखर तिथे एकटी जळत बसली. ती शेवटी आत गेली पाहिजे, नाहीतर निदान मका आधीच तापलेला पाहिजे.

तिसऱ्या वेळचं सोपं आहे, लाही म्हणजे वाळलेला फेस. पाणी लागलं की बसणारच. बटर घातल्यावरही होतं ते, बटरमध्ये पाणी असतं. म्हणून तूप.

चहा_उकळतोय (सकाळी ८:३०)

सकाळी सकाळी दाब आणि पिष्ट. माझा चहा उतू गेला.

बार्शीकर (सकाळी ९:४७)

पाण्याचं प्रमाण वाचून मला आमच्या घरच्या नागपंचमीच्या लाह्या आठवल्या. सरळ ज्वारी कढईत टाकली तर फुटत नाही, नुसती भाजते. आई आदल्या दिवशी ज्वारीवर कढत पाणी ओतायची, थोड्या वेळाने ते निथळून ज्वारी धोतराच्या जुन्या फडक्यात घट्ट बांधून रात्रभर ठेवायची. सकाळी फडकं सोडलं की ज्वारीला एक ओलसर, किंचित आंबूस वास यायचा, तो वास आला की आमच्यासाठी सण सुरू. मग थोडा वेळ सावलीत पसरायची. चुलीवर लोखंडी कढई लाल तापवून त्यात मूठभरच टाकायची, जास्त नाही, आणि हातात फडक्याचा बोळा घेऊन तो दाण्यांवरून गोल फिरवायचा. फुटायला लागल्या की तडतड आवाज आणि लाह्या थेट ओसरीपर्यंत उडायच्या. आम्ही चार भावंडं त्या वेचायला. मोठी बहीण वेचलेल्या परत टोपलीत टाकायची, आम्ही तिघं तोंडात. वडील म्हणायचे की जमिनीवरची खाल्ली की पंचमीचं पुण्य दुप्पट, बहुतेक आईने ओरडू नये म्हणून.

गोडाचं म्हणाल तर त्याच लाह्यांना गुळाचा पाक. आणि गुळात मीठ? आईने ऐकलं असतं तर कढईतला बोळाच फेकून मारला असता.

निवांत_दुपार (सकाळी १०:१०)

काय लिहिलंय काका. तो आंबूस वास आला अगदी.

पिवळाचाफा (सकाळी १०:३२)

काका, वाह. विषय पॉपकॉर्नचा होता याची नम्र आठवण :)

पण यावरून एक विचारते. माझ्याकडच्या मक्यातले वीस-पंचवीस दाणे फुटतच नाहीत. वर्षभर बरणीत पडलेला आहे. तोही ओलवून ठेवू का फडक्यात?

स्वल्पविराम (सकाळी १०:५१)

फडक्यात बांधून नको, तेवढं पाणी जास्त होईल. घट्ट झाकणाच्या बरणीत तीन कप मक्याला एक मोठा चमचा पाणी घाल, दिवसातून दोन-तीनदा हलव, तीन दिवसांनी करून बघ. आज मंगळवार, शनिवारपर्यंत जमतंय. तरी नाही फुटला तर नवीन आण. आणि आणताना पॉपकॉर्नचाच मका माग, कणसाचा नेहमीचा वाळवलेला मका तसा फुलत नाही, साल आणि आतला गर वेगळा असतो. आपल्याकडे अंबर नावाचं वाण खास लाह्यांसाठी आहे, बारीक पिवळा दाणा.

फोडणी_कमी (सकाळी ११:२५)

कुणीच म्हणालं नाही म्हणून. पंचवीस पोरांत चार वर्षांखालची किती आहेत? त्यांना पॉपकॉर्न देऊ नका. श्वासनलिकेत अडकतो, न फुटलेला दाणा तर फारच वाईट. अंधारात, सिनेमा बघत, हसत हसत खाणार म्हणजे अजूनच. माझ्या भाच्याला त्यासाठी रात्री दोन वाजता दवाखान्यात न्यावं लागलं होतं, सुदैवाने सगळं नीट झालं.

पिवळाचाफा (सकाळी ११:४०)

बापरे, हे डोक्यातच नव्हतं. दोन आहेत तीन-तीन वर्षांची. त्यांच्यासाठी वेगळं काहीतरी मऊ करते. थँक्यू गं.

थेम्सकाठी (दुपारी २:१०)

इथे विलायतेत सिनेमाच्या काउंटरवर विचारतातच, गोड की खारे. मी आले तेव्हा मला वाटलं चहाचं विचारतायत. आणि दोन्ही मिसळून पण देतात, तर ते खरं गोड-खारं नसतं, अर्धे गोड अर्धे खारे एका टबात. एक घास गोड एक घास खारा. सुरुवातीला विचित्र वाटलं, आता नुसते खारे अळणी वाटतात. चाफा, सोपी पळवाट सांगते, दोन वेगवेगळे घाणे कर, एक गोड एक खारा, आणि परातीत मिसळ. कुणाला कळणार आहे.

उगाचच (दुपारी २:१४)

बी विंगमधल्या बायकांना कळेल.

रविवारची_झोप (दुपारी ३:३०)

थेम्सकाठी, मिसळलेले म्हणजे फसवणूक आहे. अमेरिकेत जत्रांमध्ये मोठ्या तांब्याच्या-स्टीलच्या हंड्यात लाकडी वल्ह्याने ढवळत केटल कॉर्न करतात, तिथे साखर कढईतच मक्याबरोबर जाते आणि हंड्यातून काढल्यावर मीठ. चाफाने वर्णन केलंय ते तेच आहे. मी तीन वर्षं ओहायोत होतो, दर उन्हाळ्यात पाव किलो वजन फक्त या पॉपकॉर्नने वाढायचं.

आणि थिएटरमधल्या पॉपकॉर्नला जो वास असतो ना, तो बऱ्याच ठिकाणी खोबरेल तेलाचा. पिवळं रंगवलेलं असतं.

मेतकूट (दुपारी ३:३४)

कोकणात सांगून बघ, तुम्ही जे डोक्याला लावता ते अमेरिकेत सिनेमा बघताना खातात म्हणून.

निवांत_दुपार (दुपारी ३:४१)

कोकणातच खातात हो स्वयंपाकात. तुम्ही पुणेकर फक्त डोक्याला लावता.

चहा_उकळतोय (दुपारी ४:०२)

थिएटरचा विषय निघालाच आहे तर, बाहेरचं खाणं आत नेऊ देत नाहीत ते कायद्याने बरोबर आहे का? मागे मनसेने आंदोलन केलं होतं ना पुण्यात.

स्वल्पविराम (दुपारी ४:२०)

२०१८ ला. त्याच काळात मुंबई हायकोर्टातही याचिका चालू होती. पुढे ३ जानेवारी २०२३ ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की सिनेमागृह ही खाजगी मालमत्ता आहे, मालक बाहेरचं खाणं अडवू शकतो, पण पिण्याचं पाणी फुकट द्यावं लागेल आणि तान्ह्या बाळाचं खाणं अडवता येणार नाही.

मेतकूट (दुपारी ४:२२)

म्हणून चाफा स्वतःचं थिएटर काढतेय हॉलमध्ये. पाणी ठेव गं फुकटचं.

दोनतारी (रात्री ९:५०)

दिवसभर ऑर्डर होती, आत्ता बसले. दोन्ही रस्ते सांगते.

एक, कढईतला. जाड बुडाचं उंच पातेलं घे, कढई नको, कढईला काठ पसरट असतो आणि झाकण नीट बसत नाही. १०० ग्राम मका (अर्धा कप), तीन मोठे चमचे शेंगदाण्याचं किंवा सूर्यफुलाचं तेल. तेलात आधी तीनच दाणे टाक. ते तिन्ही फुटले की तेल तयार. आता गॅस बंद करून बाकीचा मका टाक आणि तीस मोज. याने सगळे दाणे सारखे तापतात, मग जवळजवळ एकदमच फुटतात. परत मध्यम गॅस. पहिले चार-पाच फुटले, की झाकण किंचित उचलून तीन मोठे चमचे साखर टाक आणि झाकण लाव. आता थांबायचं नाही. पातेल्याचे दोन्ही कान नॅपकिनने धरून सतत हलवायचं, गॅसवर घासत. साखर एका जागी बसली की गेली. आवाजाकडे कान ठेव, दोन फुटण्यांमध्ये दोन-तीन सेकंद गेले की लगेच मोठ्या परातीत ओत. शेवटचा दाणा फुटायची वाट बघितली तर सगळं करपतं. चार दाणे राहिले तर राहिले. ओतल्याबरोबर, साखर ओली असतानाच बारीक मीठ अर्धा ते पाऊण चहाचा चमचा, आणि उलथन्याने पसर. दोन मिनिटांत कडकडीत होतं.

दोन, पाकाचा. हे तुला नको आहेत पण सांगून ठेवते. एवढ्याच पॉपकॉर्नला वाटीभर चिक्कीचा गूळ, दोन चमचे तूप, चमचाभर पाणी. मंद गॅसवर. वाटीत गार पाणी घेऊन त्यात थेंब टाकायचा. आधी तो पसरतो, मग मऊ गोळी होते, आणि मग एक क्षण असा येतो की गोळी वाटीत टाकली की टण्ण वाजते आणि दाताखाली काचेसारखी मोडते. तो आपला पाक. मऊ गोळीवर उतरवलास तर दाताला चिकटणार, लोक याच घाईने चुकतात. उतरवून पाव चमचा खायचा सोडा घाल, फसफसून फिका होतो, त्याने कुरकुरीत आणि हलका होतो. अर्धा चमचा मीठ त्यातच. आणि पॉपकॉर्न आधी चाळून न फुटलेले काढून टाक, नाहीतर पाकातला दाणा कुणाचा तरी दात घेऊन जाईल.

फक्त एक, या हवेत गुळाचे करू नकोस. गूळ हवेतलं पाणी ओढतो, डोंबिवलीच्या पावसात दोन तासांत मऊ पडतील. साखरेचे थोडे जास्त टिकतात, पण तेही गार झाल्या झाल्या घट्ट डब्यात.

आणि पोरांना गॅसजवळ येऊ देऊ नकोस. उकळत्या पाण्याने भाजतं त्यापेक्षा पाकाने वाईट भाजतं, तो चिकटून बसतो. माझ्या मनगटावर अजून डाग आहे.

पिवळाचाफा (रात्री १०:०५)

दोनतारी, साष्टांग नमस्कार. हे छापून फ्रीजवर लावतेय.

उगाचच (रात्री १०:०९)

कुकरमध्ये होत नाही का? माझी आई कुकरमध्येच करायची.

बार्शीकर (रात्री १०:३०)

कुकरमध्ये छान होतात, पण शिट्टी आणि रिंग दोन्ही काढून, झाकण नुसतं वर ठेवून. आमच्या बँकेतल्या एका सहकाऱ्याने शिट्टीसकट लावला होता. लाह्यांनी आतून वाफेचं भोकच बुजवलं. नशीब बायकोने गॅस बंद केला. तो पुढे रिटायर होईपर्यंत त्याला सगळे शिट्टी म्हणायचे.

पण साखर घालून कुकरमध्ये नको. हलवता येत नाही नीट.

कैरीचं_पन्हं (बुधवार, सकाळी ९:१२)

दोनतारीची पद्धत काल रात्री करून बघितली. पहिला घाणा उत्तम, दुसरा करपला कारण पातेलं आधीच तापलेलं होतं आणि मी तीस मोजलेच नाहीत. पण एक कबूल करते, चकाकी खरंच येते, पिठीसाखरेने नाही येत. नवऱ्याने मात्र माझेच चिवडावाले जास्त खाल्ले.

दोनतारी (सकाळी ९:४०)

एकामागून एक करताना मध्ये पातेलं गार होऊ द्यायचं आणि तळाला चिकटलेली साखर पुसून टाकायची गं, हे लिहायचं राहिलंच. तीच आधी जळते.

थेम्सकाठी (सकाळी ११:०२)

मायक्रोवेव्हचं कुणीच बोललं नाही. खाकी कागदाच्या पिशवीत दोन चमचे मका, तोंड दुमडायचं, अडीच मिनिटं. तेलही नको.

स्वल्पविराम (सकाळी ११:३०)

खारे होतात. साखर मात्र मायक्रोवेव्हमध्ये एकाच जागी जळते, कागदाला आग लागायची भीती. गंमत म्हणजे मायक्रोवेव्हचा शोध लागला तेव्हा, १९४५ च्या सुमारास, पर्सी स्पेन्सरने पहिल्या काही गोष्टी करून पाहिल्या त्यात पॉपकॉर्न होते. त्याच्या खिशातलं चॉकलेट वितळलं होतं म्हणे मशीनसमोर उभं राहून.

फोडणी_कमी (दुपारी १:१५)

माझ्या मते गोड-खारं हे सगळं फॅड आहे. पॉपकॉर्नला मीठ, हळद, तिखट आणि थोडा हिंग. विषय संपला.

निवांत_दुपार (दुपारी १:२८)

हिंग!! पॉपकॉर्नला!! नाव फोडणी कमी आणि...

फोडणी_कमी (दुपारी १:३०)

करून बघ मग बोल.

मेतकूट (दुपारी १:४४)

मी भाकरीच्या पिठापासून आईस्क्रीमपर्यंत सगळ्याला मेतकूट लावून बघितलंय. पॉपकॉर्नवर तूप-मेतकूट-पिठीसाखर हे गोड-खारं-आणि-आजारी माणसाला पथ्याचं असं तिन्ही होतं. कुणी विचारणार नाही माहितीये मला.

पिवळाचाफा (शुक्रवार, रात्री ११:२०)

ट्रायल झाली. मका बरणीत तीन दिवस ठेवला होता, आता शंभर ग्राममागे पाच-सहाच दाणे राहतात, आधी पंचवीस राहायचे. पहिला घाणा थोडा फिका झाला कारण मी घाबरून लवकर उतरवला. दुसरा जमला!!! लेक म्हणाली "आई हे तेच आहेत". मग म्हणाली मीठ थोडं जास्त हवं. उद्या पाच घाणे. हिशोब असा केलाय, शंभर ग्राममध्ये साधारण साडेतीन लिटरचं पातेलं भरतं, पोरामागे पाऊण लिटर धरलं तरी पुरतील.

सासूबाईंची कढई मात्र तशीच आहे. दोनदा घासली. रविवार जवळ आलाय.

दोनतारी (शुक्रवार, रात्री ११:२६)

मीठ वाढवताना बेताने, गरम असताना कमी लागतं, गार झाल्यावर वर येतं.

बार्शीकर (शनिवार, सकाळी ७:१०)

कढईत पाणी भरून अर्धा तास उकळत ठेवा. साखर आहे शेवटी, बरीचशी सुटते. उरलेल्या काळ्याला चिंच आणि मीठ. सोडा अजिबात लावू नका, हिंडालियम काळं पडतं, मग सगळंच उघड.

चहा_उकळतोय (रविवार, दुपारी १२:०५)

काय झालं पुढे? कुणी जिवंत आहे का?

पिवळाचाफा (रविवार, दुपारी ४:५०)

आहे. आत्ता उठले.

पाच घाण्यांपैकी चार उत्तम. चौथ्याच्या वेळी सोसायटीच्या सेक्रेटरींचा फोन आला, प्रोजेक्टरची वायर कुठंय म्हणून, मी खांद्याला फोन लावून एका हाताने पातेलं हलवलं, तेवढ्यात गेला. तो घाणा कडू. मी टाकणार होते, पण तळमजल्यावरचे आजोबा म्हणाले दे मला, आणि चहाबरोबर खाल्ला निम्मा. त्यांच्या मते हेच सगळ्यात चांगले.

बाकीचे घट्ट डब्यात भरून नेले, तरी सिनेमा अर्धा होईपर्यंत शेवटच्या डब्यातले जरा मऊ पडलेच, डबा उघडा राहिला होता. दोनतारी, बरोबर म्हणालीस, गुळाचे केले असते तर चमच्याने खायला लागले असते. बी विंगमधल्या एकीने रेसिपी मागितली. मी दिली नाही.

तीन वर्षांच्या दोघांना केळ्याचे काप आणि शिरा दिला. एक खूश, एक पूर्ण सिनेमाभर माझ्याकडे बघत होता.

उगाचच (रविवार, दुपारी ४:५८)

आणि कढई?

पिवळाचाफा (रविवार, संध्याकाळी ५:०३)

काकांच्या पाण्याने आणि चिंचेने निघाली. एका कानाजवळ तांबूस पट्टा राहिलाय. मी ती भांड्यांच्या रॅकमध्ये तो कान भिंतीकडे करून ठेवलीये. त्यांची गाडी साडेसहाला येते.